त्रिरश्मीचे दान, मानीची राख

नाशिकला येणारा यात्रेकरू गोदाघाट पाहतो, पंचवटी पाहतो आणि वेळ उरलाच तर मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या डोंगरावरील पांडवलेणी पाहून येतो. पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक व बुद्धविहार, तेथून पायऱ्यांची चढण आणि वर डोंगराच्या कुशीत कोरलेली २४ लेणी. सहलीचे गट येतात, छायाचित्रे काढतात, पांडवांच्या वनवासाची गोष्ट ऐकतात आणि तासाभरात उतरू लागतात. परंतु त्या लेण्यांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत जे कोरून ठेवले आहे, त्यात ती वनवासाची गोष्ट नाही. त्यात आहे राजांचा, राजस्त्रियांचा आणि दूरदेशीच्या दात्यांचा लेखी हिशेब.

धर्मग्रामातील कुटुंबांनी अशा सहलीचा बेत केला की एक प्रश्न आम्हा धर्मगुरूंना हमखास विचारला जातो : "फादर, दुसऱ्या धर्माच्या पवित्र जागी आपण जावे का?" प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. उत्तर देण्यापूर्वी आपण त्या भिंतीच वाचून पाहू.

दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाचा. उषवदात जातीने शक, म्हणजे बाहेरून आलेला. तो सांगतो की आपण ब्राह्मणांना गावे दिली, भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथे धर्मशाळा बांधल्या, तापी-दमणसारख्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि त्रिरश्मी डोंगरावर बौद्ध भिक्षूंसाठी हे लेणे कोरविले. यातील गोवर्धन नाशिकजवळचे आणि शूर्पारक म्हणजे आपल्या वसईशेजारचे सोपारे. दान एका पंथापुरते राहिले नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

त्याचा दुसरा लेख तर एखाद्या विश्वस्त निधीच्या कागदासारखा आहे. त्याने ३,००० कार्षापण नाणी गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून दिली. त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा एक व्याज. मूळ रक्कम परत मागायची नाही, केवळ व्याज उपभोगायचे. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंपैकी प्रत्येकास वस्त्रासाठी बारा कार्षापण द्यायचे. हिशेब करून पाहावा : वर्षाचे व्याज २४०, आणि वीस गुणिले बारा तेवढेच. हा व्यवहार नगरसभेत वाचून दाखविला गेला व फलकावर नोंदला गेला, असेही लेख सांगतो. उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिनेही भिक्षूंसाठी खोली दिल्याचा लेख त्याच लेण्यात आहे.

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने नहपानाचे क्षहरात घराणे निर्मूल केले. सिन्नर तालुक्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. असा हा कडवा वैरी. पण लेण्यांचे त्याने काय केले? तिसऱ्या लेण्यातील लेखानुसार, कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी आपल्या विजयी सैन्याच्या छावणीतून त्याने आज्ञा पाठविली की उषवदाताच्या ताब्यात असलेले एक शेत आता येथील भिक्षूंना द्यावे. सहा वर्षांनंतरचा लेख आम्हाला अधिक हृद्य वाटतो. दिलेले शेत कसले जात नाही व ते गावही ओस पडले आहे, असे त्यात नमूद आहे, आणि म्हणून त्याऐवजी राजाच्या मालकीच्या जमिनीतून शंभर निवर्तने दिली आहेत. या आज्ञेत राजासोबत राजमातेचाही उल्लेख आहे. ब्राह्मणधर्माचा अभिमानी असलेल्या या राजाची माता गौतमी बलश्री हिनेच पुढे नातू पुळुमावी याच्या एकोणिसाव्या वर्षी हे लेणे भिक्षुसंघाला अर्पण केले. सतराव्या लेण्याचा दाता तर उत्तरेकडून आलेला इंद्राग्निदत्त नावाचा यवन. आपल्या मातापित्यांच्या सन्मानार्थ त्याने ते कोरविले.

हे सारे आज आपल्याला वाचता येते ते कशामुळे? ब्राह्मी लिपीचे ज्ञान शतकानुशतके लुप्त झाले होते. १८३७ मध्ये कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेप सांचीच्या छोट्या लेखांचे ठसे न्याहाळीत असता, जवळजवळ प्रत्येक लेखाच्या शेवटी तीच अक्षरे येतात हे त्याला दिसले. हे दात्यांचे लेख असावेत, तेव्हा शेवटचा शब्द 'दानं' असावा, असा त्याने तर्क केला आणि लिपीचे कुलूप उघडले. पुढे रा. गो. भांडारकरांसारख्या पंडितांनी नाशिकचे लेख वाचून दाखविले.

प्रत्येक लिपीला असे भाग्य लाभत नाही. आपल्या धर्मग्रामांतील ज्या कुटुंबांची मुले अमेरिकेत आहेत, त्यांपैकी कोणी प्रवासी गटाबरोबर मेक्सिकोतील युकातान प्रांतात माया लोकांची भग्न नगरे पाहावयास गेलेच, तर चिचेन इत्झाचे पायऱ्यापायऱ्यांचे मंदिर त्यांना थक्क करील. पण ते बांधणाऱ्यांची पुस्तके कोठे आहेत, असे त्यांनी वाटाड्याला विचारावे. उत्तर आपल्याला, ख्रिस्तसभेच्या लेकरांना, बोचणारे आहे. १२ जुलै १५६२ रोजी मानी या गावी दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी, त्यांत सैतानाच्या असत्याखेरीज काही नाही असे मानून, मायांची चित्रलिपीतील पुस्तके जाळविली. त्यापूर्वीच्या चौकशीत अनेक माया स्त्री-पुरुषांचे हाल करण्यात आले होते. जगात आज मायांची अवघी चार पुस्तके उरली आहेत.

याच लांदांनी पुढे १५६६ च्या सुमारास युकातानचे वृत्तान्त लिहिले आणि मायांच्या अक्षरांची एक यादीही नोंदविली. त्यांनी स्पॅनिश मुळाक्षरांची नावे उच्चारली व माया लेखकाने त्या उच्चारांची चिन्हे काढून दिली. माया लिपीतील उच्चारचिन्हे आपल्या बाराखडीप्रमाणे पूर्ण अक्षरांची आहेत, हे लांदांना उमगले नाही. पण तीच यादी हाताशी धरून १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव्ह या रशियन संशोधकाने त्या लिपीच्या उलगड्याची वाट दाखविली. जाळणारा हात आणि जपणारा हात एकाच माणसाचा होता.

हे दूरदेशीचे म्हणून आपण निःश्वास सोडू नये. बोरिवलीचे मंडपेश्वर लेणे सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी ताब्यात घेऊन तेथे चर्च केले. घारापुरीच्या लेण्यावरील शिलालेख पोर्तुगीजांनी काढून आपल्या राजाकडे धाडला, असे त्यांचाच इतिहासकार दिओगो दो कोउतो लिहितो. लिस्बनमध्ये तो कोणाला वाचता आला नाही आणि पुढे गहाळ झाला. त्या भव्य लेण्याच्या दात्याचे नाव सांगू शकणारा तो दगड कायमचा मुका झाला. तरीही ख्रिस्तसभेचा वारसा केवळ एवढाच नाही. त्याच पोर्तुगीज राजवटीत येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी आत्मसात केली आणि १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापून प्रसिद्ध केले. परक्याची भाषा त्यांनी जाळली नाही, शिकून घेतली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणापत्रात इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा अव्हेरीत नाही, असे स्पष्ट केले. ऑगस्ट १९९३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे युकातानातील इझामाल येथे तेथील मूळच्या जनतेला भेटले. ही भेट, मायांच्या मंदिराच्या जोत्यावर लांदांच्या काळी उभ्या राहिलेल्या मठाच्या आवारात झाली, हे विसरता येत नाही.

म्हणून "जावे का?" या प्रश्नाला आमचे उत्तर आहे : अवश्य जावे, पण वाचायला जावे. आपली श्रद्धा त्याने उणावत नाही. वीस भिक्षूंच्या वस्त्रांची काळजी वाहणारा शक जावई आणि ओस गावाऐवजी दुसरी जमीन देणारा राजा आपल्या मुलांना कळला, तर गरिबांसाठी ठेवलेल्या निधीचे मूळ धन राखावे आणि दिलेला शब्द पाळावा, हे त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही. आणि लेण्यांच्या भिंतीवर आपले नाव कोरावे असे कोणाच्या मनात आलेच, तर त्याला एवढेच सांगावे की या भिंतींवर नाव त्यांचेच आहे, ज्यांनी काही दिले.