सशाचा देव आणि साहेबाचा हुकूम

समलैंगिकतेचा विषय निघाला की आपल्या तरुणांत दोन उत्तरे ऐकू येतात. एक म्हणतो, हे पाश्चात्त्यांचे फॅड आहे. दुसरा त्याला गप्प करायला शिखंडी, मोहिनी आणि देवळांवरची शिल्पे पुढे करतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने असल्या दाखल्यावर का विसंबावे? ज्या ग्रंथांनी आम्हाला माणूस मानले नाही, त्यांनी कोणाला चालवून घेतले यावर कोणाचेच हक्क ठरत नाहीत. तरीही जगातल्या जुन्या देवकथा आम्ही वाचतो. देव कोणी घडवला आणि कोणाला तो खुपला, एवढेच पाहायला.

चीनच्या फुजियान प्रांतात पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषांचा एक देव होता. त्याची कथा युआन मेई या लेखकाने अठराव्या शतकात आपल्या भुताखेतांच्या गोष्टींच्या संग्रहात नोंदवली. हू त्यानबाओ नावाचा माणूस प्रांतात आलेल्या एका देखण्या, तरुण शाही अधिकाऱ्यावर भाळला. साहेबाची स्वारी निघाली की हा वाटेत उभा. पुढे लपून त्याला पाहताना सापडला. आधी तोंड उघडेना; मारझोड झाल्यावर त्याने मनातले सांगितले आणि साहेबाने त्याला ठार मारवले. (लपून कोणाचे शरीर पाहणे आम्हीही खपवून घेणार नाही. पण त्याला मृत्यूची शिक्षा?)

महिन्याभराने हू गावातल्या एकाच्या स्वप्नात आला. म्हणाला, यमलोकातले अधिकारी माझ्यावर चिडले नाहीत, हसले. पुरुषा-पुरुषांतल्या प्रेमाचा कारभार त्यांनी माझ्याकडे दिला आहे, माझे देऊळ बांधा. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. देवाचे नाव पडले ससा-देव. 'ससा' ही त्या काळी अशा पुरुषांना घातली जाणारी शिवी होती.

मेलेला माणूस स्वप्नात येऊन नेमणूक कळवतो यावर आमचा विश्वास नाही. कथा रचणाऱ्यांचा मात्र आहे. सरकारी न्यायाने ज्याला मारले, त्याला त्यांनी वरच्या कोर्टात सोडवून आणले.

रोमन सम्राट हेड्रियनचे प्रकरण याच्या शेजारी ठेवून पाहावे. त्याचा प्रिय अँटिनोअस इ. स. 130 मध्ये नाईल नदीत बुडाला. सम्राटाने त्याला देव ठरवले, त्याच्या नावाने शहर वसवले, साम्राज्यभर पुतळे उभे राहिले. त्या पोराच्या मनात काय होते, याचा एक शब्दही उरलेला नाही. सम्राटाचे दुःख संगमरवरात कोरले जाते. फुजियानच्या रयतेला स्वतःच्या खिशातून देऊळ बांधावे लागते.

तेही टिकू दिले नाही. 1765 साली झू ग्वे या अधिकाऱ्याने फुजियानमध्ये 'अनैतिक' दैवतांवर बंदीचा हुकूम काढला, त्यात हा देवही होता. मूर्तीत दोन पुरुष एकमेकांना मिठी मारून होते, एक प्रौढ, एक कोवळा. पोरांना नादी लावणारे लोक इथे नवस करतात, असा त्याचा आरोप होता. तसे कोणी असतीलही. पण त्या काळच्या छिंग कायद्यात दोघांच्या राजीखुशीच्या संबंधालाही शंभर फटके होते, म्हणजे चिंता पोरांची नव्हतीच.

2006 मध्ये तैवानात या देवाचे देऊळ पुन्हा उभे राहिले. लोक जोडीदार मागायला तिथे जातात. लग्नाचा हक्क मात्र देवळातून मिळाला नाही. 2017 चा घटनात्मक न्यायालयाचा निकाल आणि 2019 चा कायदा यांनी तो दिला.

आपल्याकडेही 2018 साली कलम 377 ची धार गेली ती संवैधानिक नैतिकतेच्या आधारावर. ही कल्पना संविधान सभेत बाबासाहेबांनी मांडली होती. आणि त्याच्याही कितीतरी आधी, 1934 साली, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांत समलैंगिकतेचाही होता. उच्च न्यायालयात कर्व्यांची बाजू मांडायला बाबासाहेब उभे राहिले. खटला ते हरले.