एकच गोळी, निरनिराळे देह

१/४ धूम्रपान सोडण्यासाठीचे व्हॅरेनिक्लिन २००६ साली अमेरिकेत मान्य झाले. कोणास त्याने मळमळ व विचित्र स्वप्ने दिली, कोणास काहीच नाही. असे का?

२/४ औषध आणि आनुवंशिकता यांच्या नात्याच्या अभ्यासाला फ्रीडरिश फोगेल यांनी १९५९ मध्येच 'फार्माकोजेनेटिक्स' हे नाव दिले होते.

३/४ यकृतातील सीवायपी२ए६ हे विकर निकोटीनचे विघटन करते. त्याचा वेग बऱ्याच अंशी जनुके ठरवतात. २०१५ साली १,२४६ जणांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. सामान्य वेगाच्या गटात व्हॅरेनिक्लिन निकोटीन पॅचहून सरस ठरले. मंद गटात दोन्हींचा गुण सारखाच, मात्र व्हॅरेनिक्लिनचा त्रास अधिक.

४/४ गोळी अर्ध्यावर टाकणाऱ्यास आपण 'निश्चयाचा कच्चा' ठरवतो. दोष प्रत्येक वेळी निश्चयाचाच नसतो. अशा वेळी वैद्यकीय सल्ल्याने उपाय बदलावा, संकल्प नव्हे.