घरगुती वीजबचत

घरातील उपकरणे, दिवे व छप्पर यांत साध्या सुधारणा करून विजेचे बिल उतरवण्याचे उपाय. विजेचे एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. १,००० वॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट खर्च होते.

महाराष्ट्रात महावितरणची घरगुती आकारणी टप्प्यांनी होते : १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. दर टप्प्यागणिक चढत जातो, त्यामुळे बचत आधी सर्वांत महाग युनिटांत होते. महिन्याला १२० युनिटे वापरणाऱ्या घराने २० वाचवली, तर ती सगळी दुसऱ्या, चढ्या टप्प्यातली असतात. थोडक्या बचतीनेही बिल चांगलेच उतरते ते यामुळे.

सुरुवात पंख्यापासून करावी. तो दिसतो किरकोळ, पण उन्हाळ्यात दिवसरात्र फिरतो. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो. बीएलडीसी मोटरचा सुमारे ३०. रोज १५ तास धरले, तर एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २० युनिटे वाचतात. किंमत जास्त असली तरी सर्वाधिक चालणाऱ्या खोलीतला एकच पंखा आधी बदलता येतो, आणि भाडेकरूला घर सोडताना तो काढूनही नेता येतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेने एलईडी दिवे घरोघरी पोचवले. पंख्यांच्या बाबतीत तेवढा जोर अजून दिसत नाही, हे खटकते.

बंद दिसणारी उपकरणेही वीज खातात. रिमोटने बंद केलेला सेट-टॉप बॉक्स १० वॉट घेत राहिला, तर महिन्याला सात युनिटे जातात. भिंतीवरचे बटण बंद करणे हाच त्यावर उपाय. फ्रिजच्या दारात कागद अडकवून ओढावा. तो सहज निसटला, तर रबरी पट्टी सैल झाली असून गारवा बाहेर जात आहे. पट्टी पुसून पाहावी, नाहीतर बदलावी. गीझरमध्ये १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० पर्यंत तापवायला सुमारे ०.६ युनिट लागते, ५० पर्यंत ०.४५.

वरच्या मजल्यावर गच्चीला उन्हाळ्यापूर्वी पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग दिल्यास स्लॅब कमी तापतो. विदर्भात कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवतात; दमट हवा बाहेर पडली नाही तर कूलर नुसताच फिरतो आणि शेवटी एसी लावावा लागतो.