भंगारवाला म्हणजे चोर? हा संशय येतो कुठून आणि कायदा काय सांगतो?

पार्किंगमधल्या नळाची पितळी तोटी गेली की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज बहुतेक ठरलेला असतो : 'आज भंगारवाला आला होता का?' मग सीसीटीव्हीतला एखादा फोटो येतो. खांद्यावर पोतं घेतलेली बाई, नाहीतर हातगाडी ढकलणारा मुलगा. खाली कुणीतरी लिहितं, 'गर्दुल्ले आहेत, सावध राहा.' तोटी नेमकी कुणी काढली हे कळायच्या आत तो फोटो चार ग्रुपवर फिरलेला असतो.

भंगार गोळा करणाऱ्यांबद्दल दोन समज पक्के झाले आहेत : हे लोक चोऱ्या करतात आणि नशा करतात. यात खरं किती आणि ऐकीव किती?

भंगारवाला नेमका कोण?

आपण सगळ्यांना सरसकट 'भंगारवाले' म्हणतो, पण त्यात वेगवेगळे लोक आहेत.

पहिले कचरावेचक. पहाटे कचराकुंड्या आणि रस्ते धुंडाळून कागद, प्लास्टिक, काच, पत्रा वेचणारे. यात स्त्रियांची संख्या मोठी आहे आणि त्यातल्या बहुसंख्य दलित समाजातल्या आहेत. हा माल लोकांनी टाकून दिलेला असतो.

दुसरे फेरीवाले, म्हणजे हातगाडी किंवा टेम्पो घेऊन दारोदार फिरणारे. ते माल फुकट नेत नाहीत, वजन करून रोख पैसे देतात. सकाळी दुकानदाराकडून उचल घ्यायची, दिवसभर माल घ्यायचा आणि संध्याकाळी त्याच दुकानात घालायचा, असं अनेकांचं गणित असतं.

तिसरा भंगार दुकानदार. तो माल निवडून, वेगळा करून ठोक व्यापाऱ्याला विकतो. लोखंड, बीड, पत्रा, तांबं, पितळ, ॲल्युमिनियम असं सगळं वेगळं करावं लागतं, कारण प्रत्येकाचा दर वेगळा. लोखंड आहे की नाही हे पाहायला अनेक जण खिशात लोहचुंबक ठेवतात. पितळ आणि तांबं मात्र रंगावरून आणि वजनावरून ओळखावं लागतं. हे कसब कामातूनच येतं.

हा माल पुढे जातो कुठे?

मुंबईत धारावीचा तेरा कंपाउंड आणि कुर्ला हे भंगाराचे जुने अड्डे. लोखंडाचा विचार केला तर महाराष्ट्रातलं मोठं नाव जालन्याचं. तिथल्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळवून बांधकामाच्या सळया तयार होतात. म्हणजे आपल्या घराच्या स्लॅबमध्ये कुणाची तरी जुनी सायकल किंवा कपाट असू शकतं.

जागतिक पोलाद संघटनेच्या हिशेबानुसार एक टन भंगार पोलादासाठी वापरलं की सुमारे १,४०० किलो लोहखनिज आणि ७४० किलो कोळसा वाचतो. खनिजापासून नवं ॲल्युमिनियम बनवायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण ५ टक्के ऊर्जेत भंगारातून ॲल्युमिनियम तयार होतं. केंद्र सरकारने २०१९ मध्ये पोलाद भंगारासाठी स्वतंत्र धोरणही आणलं. या उद्योगाची पहिली पायरी हातगाडीवाला आणि पोतंवाली आहे.

मग चोरीचा संशय का चिकटतो?

चोऱ्या होतात, हे खरं आहे. मॅनहोलची झाकणं, गटारावरच्या जाळ्या, तांब्याच्या केबल, नळाच्या तोट्या चोरीला जातात. हा माल पुढे भंगारात विकला जातो आणि काही दुकानदार माहीत असूनही तो घेतात. मॅनहोलचं झाकण गेलं तर माणसाचा जीव जाऊ शकतो, त्यामुळे लोकांचा राग समजण्यासारखा आहे.

पण चोरीचा माल भंगारात जातो, म्हणून भंगार गोळा करणारा चोर, हा निष्कर्ष चुकीचा आहे. चोरलेले दागिने सोन्याच्या दुकानात जातात, चोरलेले मोबाइल मोबाइलच्या दुकानात जातात. त्यावरून कुणी प्रत्येक सराफाला चोर ठरवत नाही. भंगारवाल्याच्या बाबतीत मात्र ते सहज होतं. त्याची तीन कारणं दिसतात.

एक, मालाला पावती नसते. कपाटाचं जुनं दार विकताना आपण भंगारवाल्याला काहीही लिहून देत नाही. सराफाकडे बिलबुक असतं. हातगाडीवाल्याला मात्र रस्त्यात कुणी विचारलं, 'हे कुठून आणलं?' तर त्याच्याकडे फक्त शब्द असतो.

दोन, कामाची वेळ आणि हत्यारं. कचरा गाडीत जाण्याआधी वेचायचा तर अंधार असतानाच निघावं लागतं. पत्रा सोडवायला हातोडा, छन्नी, पाना, पक्कड जवळ ठेवावी लागते. पहाटेची वेळ, पाठीवर पोतं आणि हातात हातोडा हे एकत्र दिसलं की बघणाऱ्याने निष्कर्ष काढलेला असतो.

तीन, वायर जाळणं. आतलं तांबं काढण्यासाठी काही जण वरचं प्लास्टिक जाळतात. त्याचा धूर विषारी असतो, त्यांच्यासाठी आणि वस्तीसाठीही. शिवाय वायर जाळली की तिच्यावरच्या खुणाही जातात. त्यामुळे पोलिसांना आणि शेजाऱ्यांना वाटतं, हे पुरावाच जाळताहेत. प्रत्यक्षात सोललेल्या किंवा जाळलेल्या तांब्याला जास्त दर मिळतो, हे त्यामागचं साधं कारण असतं.

जुना शिक्का

या संशयाला इतिहासही आहे. १८७१ साली ब्रिटिश सरकारने 'गुन्हेगार जमाती कायदा' आणला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. एखाद्या जमातीत जन्म झाला म्हणजे माणूस गुन्हेगार, असं या कायद्याने धरलं. पोलिसांकडे हजेरी सक्तीची झाली. पारधी, कैकाडी अशा जमातींच्या कुटुंबांना सोलापूरला तारेच्या कुंपणातल्या 'सेटलमेंट'मध्ये राहावं लागलं.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तो दिवस आजही 'विमुक्त दिन' म्हणून पाळला जातो. पण शिक्का गेला नाही. जमीन नाही, कायम पत्ता नाही, अशा विमुक्त आणि भटक्या समाजातली काही कुटुंबं शहरात भंगाराच्या कामाला लागली. त्यामुळे जमातीवरचा जुना संशय कामावरही आला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगांतल्या जातीय भेदभावाविरुद्ध निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने विमुक्त जमातींचाही विचार केला. या समाजातल्या लोकांना मनमानी पद्धतीने अटक होऊ नये, याची काळजी घेण्याचे निर्देश पोलिसांना देण्यात आले.

आणि 'गर्दुल्ला' हा शब्द?

मुंबईत गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, आणि ती ओढणारा तो गर्दुल्ला. आज हा शब्द मळके कपडे घातलेल्या कुठल्याही माणसासाठी वापरला जातो.

व्यसनात अडकलेले काही जण लोखंड, वायर नेऊन विकतात, हेही खोटं नाही. भंगार दुकानात माल दिला की लगेच रोख पैसे मिळतात आणि फार प्रश्न विचारले जात नाहीत. पण काही व्यसनी लोक भंगार विकतात, यावरून भंगार विकणारे सगळे व्यसनी ठरत नाहीत. फेरीवाल्याचं तर पोटच हिशेबावर चालतं. रोज उचल घेऊन रोज फेडणाऱ्या माणसाला दुकानदार पैसे देतो तेच मुळी तो संध्याकाळी परत येईल या भरवशावर.

रस्त्यावर राहणारी मुलं 'सोल्युशन' हुंगताना दिसतात, तो प्रश्न गंभीर आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १० ते १७ वयोगटातल्या १.१७ टक्के मुलांमध्ये असे पदार्थ हुंगण्याचं प्रमाण आढळलं. प्रौढांमध्ये ते ०.५८ टक्के होतं. म्हणजे या व्यसनाचा धोका मुलांना जास्त आहे. अशा मुलाचा फोटो ग्रुपवर टाकून काही साधत नाही. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन केला तर निदान त्याच्यापर्यंत कुणी पोहोचू शकतं.

कायदा काय सांगतो?

भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ चोरीच्या मालाबद्दल आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हेच भारतीय दंडविधानाचं कलम ४११ आणि आसपासची कलमं होती. चोरीचा माल घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असा व्यवहार सराईतपणे करणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. पण एक अट महत्त्वाची आहे : माल चोरीचा आहे हे त्याला माहीत असलं पाहिजे, किंवा तसं मानायला त्याच्याकडे कारण असलं पाहिजे. नुसता माल जवळ सापडला म्हणून गुन्हा सिद्ध होत नाही.

तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नसते. अटकेची गरज नसेल तर आधी नोटीस द्यायची असते.

अडचण दुसऱ्या काही कलमांत आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम १२४ नुसार चोरीचा वाटणारा माल जवळ असेल आणि त्याचा समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर शिक्षा होऊ शकते. कलम १२२ सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत संशयास्पद रीतीने आढळणाऱ्यांबद्दल आहे आणि त्यात घरफोडीची हत्यारं बाळगण्याचाही उल्लेख आहे. ज्याचं काम पहाटेचं, ज्याच्या हातात छन्नी आणि ज्याच्या मालाला पावती नाही, तो या कलमांच्या कचाट्यात लवकर सापडतो.

रेल्वेच्या मालाचा नियम आणखी कडक आहे. १९६६ च्या कायद्यानुसार चोरीचा संशय असलेला रेल्वेचा माल कुणाकडे सापडला, तर तो कायदेशीररीत्या आला हे त्यानेच सिद्ध करायचं असतं. त्यामुळे जाणते दुकानदार रुळाचं लोखंड दारातही येऊ देत नाहीत.

संशयाची किंमत कोण मोजतं?

गेटवर अडवलं की फेरी बुडते. पोलिसांनी दिवसभर बसवून ठेवलं की उचल फिटत नाही. ज्याच्याकडे कागद नाही त्याला दुकानदारही दर पाडून देतो, कारण तक्रार घेऊन तो कुठे जाणार नाही हे त्याला माहीत असतं. आणि हे सगळं चालू असताना खरा चोर मोकळाच राहतो, कारण शोध पोत्यापाशीच थांबलेला असतो.

कधी कधी किंमत जिवाची असते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते भंगारवाले नव्हते, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले होते. पण अनोळखी, गरीब, फिरता माणूस म्हणजे गुन्हेगार, हा समज आणि मोबाइलवर फिरणारा मेसेज एकत्र आले की काय होतं, ते तिथे दिसलं.

पुण्यात काय बदललं?

१९९३ मध्ये पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने आणि एसएनडीटी विद्यापीठातल्या कार्यकर्त्यांच्या साथीने 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी राहिली. कचरावेचकांसोबत फेरीवालेही तिचे सभासद झाले. संघटनेची सुरुवातीची एक मोठी मागणी साधी होती : ओळखपत्र. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पुणे महापालिकेने ती मान्य केली आणि संघटनेने दिलेल्या फोटो ओळखपत्रांवर पालिकेची मोहोर आली.

'तू कोण?' या प्रश्नाला दाखवायला हातात काहीतरी आलं. पुढे २००८ मध्ये कचरावेचकांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करायला सुरुवात केली. काल ज्या बाईला वॉचमन हाकलत होता, तीच आज ठरलेल्या वेळी गेटमधून आत येते. विकता येणाऱ्या सुक्या कचऱ्यावर तिचा हक्कही मानला जातो. बाई तीच आणि कामही जवळपास तेच, पण आता त्याला कागद आहे.

देशपातळीवर २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरावेचकांची व्याख्या केली आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. २०२४ पासून केंद्राच्या 'नमस्ते' योजनेतही कचरावेचकांची नोंदणी सुरू झाली. मात्र कचरावेचकांच्या तुलनेत हातगाडीवरच्या फेरीवाल्याकडे या व्यवस्थेचं लक्ष अजून कमी आहे.

आपण काय करू शकतो?

फ्रिज, गिझर, ग्रिल, मोटर अशी मोठी वस्तू भंगारात देताना एक चिठ्ठी लिहून द्या : वस्तू काय, तारीख, तुमचं नाव आणि सोसायटी. दोन मिनिटांचं काम आहे, पण रस्त्यात अडवल्यावर त्या माणसाला तीच चिठ्ठी वाचवू शकते.

सोसायटीत नेहमी येणाऱ्या भंगारवाल्याचं नाव आणि फोन गेटवरच्या वहीत नोंदवून ठेवा. त्यात सोसायटीचीही सोय आहे आणि त्याचीही.

चोरी झालीच तर ११२ वर फोन करा किंवा पोलीस ठाण्यात तक्रार द्या आणि सीसीटीव्ही फुटेज पोलिसांना द्या. सिद्ध न झालेल्या आरोपासह कुणाचा फोटो ग्रुपवर टाकणं हा बदनामीचा गुन्हा ठरू शकतो.

आणि पुढच्या वेळी ग्रुपवर 'भंगारवाला आला होता का?' असा मेसेज आला, तर एक प्रश्न विचारता येईल : 'आला होता, पण तोटी त्याने काढताना कुणी पाहिलं का?'