शीलाला संस्थेची जोड

माणूस मनाने कितीही चांगला असला तरी नुसत्या मनावर भागत नाही. चांगलं वागणं सोपं व्हावं आणि वाईट वागणं महाग पडावं, अशी व्यवस्था लागते. आपल्या विहाराच्या वर्धापनदिनी तरुणांनी हा इतिहास ध्यानात घ्यावा, म्हणून हे चार शब्द.

भोर आणि वेल्ह्याकडचा आपला मुलूख १९४८ पर्यंत पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. वरंधा घाट उतरला की महाड, ते इंग्रजी अमलात. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांनी १९२३ साली ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. पण कागदावरच्या ठरावाने घागर भरत नाही! म्हणून १९२६ साली बोल्यांनीच दुसरा ठराव आणला: जी नगरपालिका, जे लोकल बोर्ड हे मानणार नाही, त्याचं अनुदान बंद करा. संस्थानी मुलखाला हे ठराव लागूच नव्हते.

महाड नगरपालिकेनेही चवदार तळं कागदावर खुलं केलं होतं. तरी पाणी घ्यायला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह तिथं जावं लागलं. पुढे नगरपालिकेने आपला ठराव फिरवला आणि खटला चालून हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं. म्हणजे ठराव, लोकांची चळवळ आणि कोर्ट, तिन्ही लागले.

त्याच महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, स्वाभिमानाने जगा असं बजावलं. लोकांना ते पटत होतं. पण गळ्यात महारकीचं वतन होतं. थोडी जमीन आणि बलुतं, त्याच्या बदल्यात रात्रंदिवस गावकी. नकार दिला की बलुतं बंद. पोटच लाचारीला बांधलेलं, मग स्वाभिमान टिकणार कसा? हे ओळखूनच बाबासाहेबांनी १९२८ साली वतन बिल मांडलं. ते मंजूर झालं नाही. १९५६ साली नागपूरला त्यांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या आणि पावणेदोन महिन्यांत त्यांचं महापरिनिर्वाण झालं. कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करणारा कायदा १९५८ चा, अंमल १९५९ पासून. जुनी दोरी तेव्हा कुठे कायद्याने तुटली.

तथागतांनीही भिक्खूंना नुसता उपदेश केला नाही, संघ उभा केला. दर पंधरवड्याला उपोसथाला एकत्र जमायचं, नियम म्हणायचे, दोष घडला असेल तर सांगायचा. सोबत्यांपुढे उभं राहायचं आहे, हे माहीत असलं की पाऊल जपून पडतं.

आपला विहार हेच काम करू शकतो. दर रविवारी वंदना ठरल्या वेळी व्हावी. जमाखर्च सर्वांसमोर वाचावा. कर्ज न काढता, हुंडा न घेता लग्न करणाऱ्या कुटुंबाचा इथंच सत्कार व्हावा. दारू सोडणाऱ्याला एकटं पडू देऊ नये. शिकणाऱ्या मुलीच्या वह्या-पुस्तकांना विहाराच्या पेटीतून हातभार लागावा. प्रतिज्ञा एका दिवशी घेता येते, पाळायची मात्र रोज असते. त्या रोजच्या कामासाठी ही वास्तू आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!