अपडेट आणि मोहताजी

काही महिन्यांपूर्वी इशाच्या नमाजनंतर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. त्याला जन्मापासून दिसत नाही. आमच्याच शाळेतून दहावी झाला, पुढे पदवी घेतली, आता शहरात एका कार्यालयात नोकरी करतो. दर महिन्याला गावी अम्मीला पैसे पाठवतो, तेही स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या हाताने. त्या रात्री आवाज पडलेला होता. म्हणाला, "सर, ॲप गूंगा हो गया."

झालं असं की, पैसे पाठवण्याचं त्याचं ॲप आपोआप अपडेट झालं. आदल्या दिवशीपर्यंत बोट फिरवलं की फोन "पैसे पाठवा", "शिल्लक पाहा" असं बोलून सांगायचा. आता कुठेही बोट ठेवा, एकच उत्तर : "बटन, बटन, बटन." कोणतं बटन, ते नाही. शेवटी चुलतभावाला पिन सांगून त्याने पैसे पाठवले. "पैसे पोहोचले सर," तो म्हणाला, "पर मैं फिर मोहताज हो गया."

मोहताज हा शब्द मराठीतही आहे. ज्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं तो मोहताज. पंधरा वर्षांच्या कष्टाने सुटलेली मोहताजी एका रात्रीत परत आली, आणि ती आणणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. मी इतिहास शिकवत नाही, भाषा शिकवतो. पण या फोननंतर मी जो इतिहास वाचला, त्यातून एक गोष्ट कळली : हे पहिल्यांदा घडलेलं नाही.

आधी हे यंत्र चालतं कसं ते पाहू. अंध माणसाच्या फोनमध्ये किंवा संगणकात स्क्रीन रीडर असतो. तो पडद्याचं चित्र पाहत नाही. ॲप बनवणाऱ्याने प्रत्येक बटनाला आतून जे नाव दिलेलं असतं, ते तो वाचून दाखवतो. डोळस माणसाला घराचं चित्र दिसलं की "मुख्य पान" कळतं. स्क्रीन रीडरला ते नाव लिहून द्यावं लागतं. नवी सजावट करताना हे नाव लिहायचं राहिलं की बटन मुकं होतं. डोळसाला ॲप पूर्वीपेक्षा सुंदर दिसतं आणि अंधासाठी दार बंद होतं. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडतात.

आता मागे जाऊ. तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास बगदादमध्ये जैनुद्दीन अल-आमिदी नावाचे एक अंध विद्वान होते. त्यांच्याकडे भरपूर पुस्तकं होती. कागदाला पीळ देऊन ते अक्षरांचे आकार करायचे आणि पुस्तकावर चिकटवायचे. बोट फिरवलं की पुस्तकाची किंमत कळायची. अस-सफदी या चरित्रकाराने अंध व्यक्तींवर लिहिलेल्या ग्रंथात ही नोंद केली आहे. मला यात एक बारकावा महत्त्वाचा वाटतो. ही युक्ती अल-आमिदींची स्वतःची होती. ती दुसऱ्या कुणाच्या ताब्यात नव्हती, म्हणून दुसरा कुणी ती रातोरात बदलूही शकत नव्हता.

लुई ब्रेलचं नशीब तसं नव्हतं. १८०९ मध्ये फ्रान्समधल्या कुव्रे गावी जन्मलेल्या या मुलाची दृष्टी वडिलांच्या चामड्याच्या कारखान्यातल्या हत्याराने लहानपणीच गेली. पॅरिसच्या अंधशाळेत तो शिकला, तिथेच शिक्षक झाला. शार्ल बार्बिये यांच्या उठावाच्या ठिपक्यांच्या लिपीवरून त्याने सहा ठिपक्यांची लिपी बनवली आणि १८२९ मध्ये ती छापून प्रसिद्ध केली. मुलं भराभर वाचू आणि मुख्य म्हणजे लिहू लागली. त्याआधी त्यांना नेहमीचीच अक्षरं उठावाने छापून दिली जात. ती डोळसांना चटकन वाचता येत, अंधांना मात्र एकेक अक्षर चाचपावं लागे.

१८४० मध्ये शाळेला नवे संचालक मिळाले, दुफो. त्यांना ब्रेल पसंत नव्हती. डोळस आणि अंध यांची लिपी वेगळी कशाला, असा विचार. त्यांनी ब्रेलवर बंदी घातली, ठिपक्यांची पुस्तकं जाळली आणि उठावाची अक्षरं पुन्हा आणली. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी एक अपडेट केलं. हेतू कदाचित वाईट नसेल. पण जी बोटं ही लिपी वाचत होती, त्यांना कुणी विचारलं नाही. मुलं मात्र चोरून ठिपके टोचत राहिली. पुढे काही वर्षांत बंदी टिकली नाही. तरी फ्रान्समध्ये ब्रेलला अधिकृत मान्यता मिळाली ती १८५४ मध्ये, लुईच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. आपल्याकडे १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली आणि वेगवेगळ्या भारतीय भाषांना ठिपक्यांची एक सामाईक पद्धत मिळाली. उर्दू शिक्षक म्हणून मला तिच्यातली एक गंमत सांगायला आवडते : उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी उर्दू ब्रेलमध्ये मराठीसारखीच डावीकडून उजवीकडे वाचली जाते.

संगणकाच्या काळात हीच गोष्ट पुन्हा घडली. १९८० च्या दशकात आयबीएममध्ये जिम थॅचर यांनी आपले अंध गुरू जेसी राइट यांच्यासोबत पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम तयार केला. अपघातात दृष्टी गमावलेले मोटरसायकल शर्यतपटू टेड हेंटर यांनी १९८७ मध्ये कंपनी काढली आणि १९८९ मध्ये डॉससाठी जॉज हा स्क्रीन रीडर आणला. डॉसच्या पडद्यावर फक्त अक्षरं असत, ती वाचणं सोपं होतं. अंध माणसं कार्यालयांत संगणकावर कामं करू लागली, पगार घेऊ लागली.

मग आली विंडोज. अक्षरांच्या जागी चित्रं, खिडक्या, माउस. जगासाठी ती सोय होती, अंध कर्मचाऱ्यांसाठी संकट. कार्यालय विंडोजवर गेलं की त्यांची नोकरी धोक्यात येई. अमेरिकेतल्या अंधांच्या संघटनांनी आवाज उठवला, मॅसॅच्युसेट्स राज्याने तर विंडोज ९५ विकत न घेण्याचा इशारा दिला. तेव्हा कुठे मायक्रोसॉफ्टने या कामाकडे गंभीरपणे पाहिलं. जॉजची विंडोजसाठीची आवृत्ती १९९५ मध्ये आली.

पण खरा धडा १९९७ चा आहे. त्या वर्षी इंटरनेट एक्सप्लोररची चौथी आवृत्ती आली आणि तिसऱ्या आवृत्तीत स्क्रीन रीडरसाठी असलेली सोय तिच्यात नव्हती. म्हणजे आधी दिलेलं परत काढून घेतलं. पुन्हा ओरड झाली. काही आठवड्यांत ४.०१ आली आणि तिच्यात ती सोय परत आली. यातून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. एक, मिळालेली सोय कायमची नसते. दुसरी, ओरड झाली तर दुरुस्ती आठवड्यांतही होते. म्हणजे ती अशक्य कधीच नव्हती.

पुढची वर्षं आशेची होती. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर लिहायला घेतला. आज आपल्याकडचे असंख्य विद्यार्थी त्याच्यावर शिकतात. २००९ मध्ये आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आलं. काचेच्या सपाट पडद्यावर अंध माणूस काय करणार, असं वाटत असतानाच तोच पडदा त्याच्याशी बोलू लागला.

आणि मग अपडेटचं युग आलं. पूर्वी नवी आवृत्ती काही वर्षांनी यायची, आता दर पंधरवड्याला येते, न विचारता येते. २०२३ मध्ये रेडिटने बाहेरच्या ॲपांकडून मोठी रक्कम मागायचं ठरवलं. अंध वापरकर्ते तीच ॲप वापरत होते, कारण कंपनीचं स्वतःचं ॲप त्यांना नीट चालत नव्हतं. निषेध झाल्यावर अंधांसाठीच्या काही बिनव्यापारी ॲपांना सूट मिळाली. इथेही क्रम तोच : आधी तोडणं, मग ओरड, मग सवलत.

आपल्या देशात असं अपडेट खिशातल्या नोटांचंही झालं. २०१६ नंतर नोटांचे आकार बदलले. वर्षानुवर्षं बोटांनी नोट ओळखणारी माणसं दुकानात चाचपडू लागली. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. १ जानेवारी २०२० ला रिझर्व्ह बँकेने नोट ओळखणारं 'मनी' हे ॲप आणलं. म्हणजे बोटांचं काम पुन्हा एका ॲपवर सोपवलं गेलं. मग ॲप चालू राहणं किती गरजेचं आहे, हे वेगळं सांगायला नको.

कायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये माहिती आणि तंत्रज्ञानाच्या सुगमतेची तरतूद आहे. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं की सुगमतेचे नियम नुसते सल्ले असून चालणार नाहीत, काही किमान नियम बंधनकारक हवेत. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात तर न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्या प्रकरणात ॲसिडहल्ल्याच्या पीडिता होत्या आणि एक अंध वकीलही होते. बँकेची ओळख पटवताना "डोळे मिचकावा" असं सांगणारं ॲप, ज्यांना ते शक्यच नाही त्यांना बाहेर ठेवत होतं.

मला वाटतं, या सगळ्या इतिहासातली चूक एकच आहे. दुफो साहेबांपासून आजच्या ॲपवाल्यांपर्यंत कुणी दुष्ट नव्हतं. सगळ्यांनी सुधारणाच केली. फक्त ती करण्याआधी ज्याच्या बोटांवर तिचा भार पडणार, त्याला बोलावलं नाही. नवी आवृत्ती बाहेर सोडण्याआधी एका अंध माणसाच्या हातात अर्धा तास दिली, तरी मुकी बटनं लगेच सापडतील. त्याला त्या कामाचा मोबदला द्यावा, उपकार म्हणून बोलावू नये. आणि आपण डोळसांनी एवढं तरी करावं : घरातल्या, मोहल्ल्यातल्या अंध माणसाचं ॲप बिघडलं, तर "आण, मी करून देतो" एवढ्यावर थांबू नये. त्याच्यासोबत बसून तक्रारही लिहावी.

आम्ही दोघांनी ती लिहिली. त्याने सांगितली, मी टंकली, पाठवायचं बटन त्यानेच दाबलं. पाच आठवड्यांनी पुढचं अपडेट आलं आणि बहुतेक बटनं बोलू लागली. त्या महिन्यात अम्मीला पैसे त्याने स्वतः पाठवले. मग पिन बदलला. नवा पिन त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.