बेवड आणि पाकीट

वाळव्याकडं ऊस लावायचा म्हटलं की थोरली माणसं आधी विचारायची, बेवड कशाचा, म्हणजे आधी रानात कोणतं पीक होतं? भुईमुगाचा असला की मान डोलायची. शाळूचा असला की शेणखताच्या गाड्या वाढायच्या. साताऱ्याच्या माळावर बाजरीत तूर, मटकी, हुलगा मिसळायची चालही त्याच हिशोबातली. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात, हे जर्मनीच्या हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी दाखवलं आणि १८८८ साली हॉलंडच्या बाइयरिंकनं ते जिवाणू वेगळे काढले. आमच्या आज्यांना गाठ माहीत होती, आतलं बिऱ्हाड नव्हतं. एक खरं सांगायला हवं: भुईमूग उपटला की गाठींसकट वेल गोठ्यात जातो, म्हणजे नत्राचा बराचसा वाटा शेणावाटेच रानात परततो.

मग सोयाबीन आलं आणि घोटाळा झाला. भुईमूग, मटकी, चवळी, हुलगा यांचं एकाच गटाच्या जिवाणूंवर भागतं आणि ते आमच्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या होते. सोयाबीनला त्यांचा फारसा उपयोग नाही. त्याच्या मुळांतून विशिष्ट द्रव्यं पाझरतात. ती ओळखणारा जिवाणूच उलट रासायनिक निरोप धाडतो आणि केसमूळ आकड्यासारखं वळून त्याला कवेत घेतं. त्याआधी जिवाणू मुळाला नुसता टेकतो, हलक्या धक्क्यानंही सुटतो; पुढं सेल्युलोजचे धागे काढून घट्ट बसतो. भुईमुगाचं तंत्र निराळं: तिथं तो उपमुळं फुटताना पडलेल्या फटीतून शिरतो.

म्हणून आम्ही कृषी सहायक सोयाबीनच्या जिवाणूंची पाकिटं घेऊन फिरलो. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून चोळायचं, सावलीत सुकवायचं, लगेच पेरायचं. लोक त्याला 'पावडर' म्हणत. औषधाच्या डब्यांशेजारी पत्र्याखाली उन्हाळाभर तापलेलं पाकीटही खपायचं. त्यात जिवंत काय उरत असेल? शिवाय बुरशीनाशक आणि जिवाणू एकत्रच चोळणारे कमी नव्हते.

मी दीड महिन्याचं झाड उपटून गाठ नखानं चिरायला लावायचो. आत गुलाबी दिसलं तर काम चालू, पांढरं-हिरवट दिसलं तर नाही. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचे सोयाबीनचे वाण घरोघरी पोचले, पाकीट मात्र मागं पडलं. "न चोळताही गाठी येतात की," असं म्हणतात. येतातच, कारण वीस वर्षांपूर्वी चोळलेले जिवाणू त्या रानात टिकून आहेत. नव्या माळावर पहिल्यांदा सोयाबीन घालणाऱ्यानं हे ऐकून पाकीट टाळलं, तर त्याच्या गाठी कुठून येणार?